अमरावतीतलं आमचं क्यूबा

पुदिन्याची टोपली सकाळी निवडून रिकामी करावी, तर संध्याकाळी पुन्हा भरलेली. आमच्या बारमधल्या किश्श्यांचंही तसंच. एक सांगून होत नाही, तोवर दारात दुसरा उभा!

हो, बार. अमरावतीत क्यूबाच्या थाटाचा कॉकटेल बार अँड रेस्टॉरंट आहे आणि मी तिथे रिसेप्शनला असते. तेल्हाऱ्याला घरी यातलं ‘रेस्टॉरंट’ तेवढं सांगितलंय. ‘बार’ कळलं की बाबा दुसऱ्याच दिवशी मला एसटीत बसवून परत नेणार. म्हणून दार उघडलं की आधी मी गावचं कुणी नाही ना ते पाहते, मग तोंडातून ‘वेलकम’ निघतं.

पहिल्याच दिवशी आमच्या बारटेंडरने, विकीने, माझ्या कानामागे शेकर हलवला. बर्फाचा तो खडखडाट! मी किंचाळून मेनूकार्डांसकट खाली बसले.

कोपऱ्यातल्या टेबलावरून टाळ्या. “वन्स मोअर!”

त्यांना तो शो वाटला.

एकदा विकी मोहितोसाठी पुदिना ठेचत होता. अकोल्याचे एक गृहस्थ काउंटरवर वाकले. “काय बनून राहिलं?”

“मोहितो, सर.”

“थे ठीक हाय. पन मिरची टाकाची राहिली न बावा!”

आमच्या मालकांना, सुधीरदादांना, सजावटीची भारी हौस. क्यूबात म्हणे रस्तोरस्ती जुन्या गाड्या असतात. म्हणून त्यांनी एका फियाटचा पुढचा अर्धा भाग गुलाबी रंगवून दाराशेजारी भिंतीला ठोकला. उद्घाटनाच्याच आठवड्यात एक साहेब तणतणत आत आले. “थे गुलाबी गाडी कोनाची हाय? काढा! मले माही लावाची हाय.”

मी कशीबशी म्हणाले, “सर, ती अर्धीच आहे.”

“मंग अर्धी काढा!”

आमच्याकडे प्लेट टेबलाच्या मधोमध ठेवून सगळ्यांनी वाटून खायचं असतं. आयडिया छान, पण वऱ्हाडात शेवटचा घास उचलणार कोण? चार मित्रांनी क्रोकेट्स मागवले. क्रोकेट म्हणजे क्यूबाचा आलूबोंडा समजा. प्लेटीत पाच येतात. चार संपले, एक उरला.

“तू घे.”

“नाही बे, तू घे.”

“तुले माही शप्पथ!”

बाहेर लोक टेबलासाठी ताटकळलेले. मी घाबरत विचारलं, “प्लेट उचलू का?”

“थांबा ताई! अजून एक प्लेट आना. सगळ्याइले एकेक होऊन जाईन.”

आणली. आता दोन उरले.

आणि परवा दुपारी आईचा फोन. “आमी मोझरीच्या आश्रमातून निघालो. चार जनी हावो. तुहं हाटेल पायतो अन् मंग घरी जातो.”

मी रडतच सुधीरदादांना सांगितलं. दादा म्हणाले, “रडू नको बेटा. विकी, चादरी आन!” दोन मिनिटांत बाटल्यांचं कपाट आणि अख्खा काउंटर पांढऱ्या चादरींखाली गेला. काउंटरपाशी, गिऱ्हाइकांना फोटोसाठी ठेवलेली गवती हॅट घालून एक गिऱ्हाईक बसलं होतं. मी ड्युटीवर आल्यापासून ते हॅट आणखीच खाली ओढत होतं. या धावपळीत ते गायब झालं. मला वाटलं, गेलं उठून.

आई आली. मागे आश्रमातून परतलेल्या तिघी मैत्रिणी. “हे काय झाकलं वं?”

“रं… रंगकाम!”

चौघींनी लिंबू-पुदिन्याचं सरबत घेतलं, क्रोकेट्स चवीचवीनं खाल्ले. “तुह्ये काकाही येनार होते,” आई म्हणाली, “पन त्याइचं आज अचलपूरले दारूबंदीवर भाषण हाय.”

निघताना आई काउंटरपाशी थांबली. तिने खाली पाहिलं. मीही पाहिलं. चादरीच्या काठाखाली दोन चपला होत्या. चपलांत पाय होते.

आईने माझ्या डोक्यावरून हात फिरवला. “चांगलं हाय हाटेल. काम सोडू नको. तुह्या बाबाले मी समजावतो.”

मग चादरीकडे वळून जरा मोठ्याने म्हणाली, “भावजी, भाषण झालं असंन तं चाला. गाडीत जागा हाय.”

चादर हलली. “आलोच, वयनी.”