संमेलनाची पिशवी

कापडी पिशवीतून मेथीचा वास आला की मला शहागडचा ढाबा आठवतो. तिथे बसून मी मोबाईलवर एका कंपनीचं वार्षिक संमेलन बघत होतो. अ‍ॅपना बोलका आवाज पुरवणारी ही कंपनी त्या दिवशी मराठी आवाज जाहीर करेल आणि बाजारभाव सांगणाऱ्या माझ्या अ‍ॅपला तो मिळेल, अशी आशा होती. आमंत्रण मात्र माझ्या वर्गमित्राला होतं. "दोस्त आत अन् तुम्ही इथं?" हे ऐकून ढाबेवाल्याने विचारलं. दोन तासांत सर्वांत मोठ्या टाळ्या स्क्रीनवरच्या बटणांचे कोपरे गोल केल्याबद्दल पडल्या. मी मित्राला फोन लावला. "मराठीचं आत तरी कुणी बोललं का?" "त्याचं नावच न्हाई काढलं, गड्या. पण जेवण एकदम झकास!" राग पहिल्या वाक्याचा यायला हवा होता, आला दुसऱ्याचा. संमेलनात मिळालेली ही पिशवी नंतर त्यानेच दिली. ती आजही मीच धुतो आणि कंपनीचं नाव पुसट होऊ नये म्हणून तेवढी जागा घासत नाही.