गाणं बंद करा हो

मुलानं जयगडच्या बंदरातली नोकरी सोडली आणि जाखडी नाचाचं एक गाणं करून मोबाईलवरच्या गाण्यांच्या ॲपवर टाकलं. ते तिथल्या जास्त ऐकलेल्या गाण्यांच्या यादीत वर चढलं, तरच मुंबईची कंपनी पुढची गाणी करणार होती. मग मी काय केलं सांगते. वाडीतल्या बायकांना म्हटलं, गाणं दिवसभर लावून ठेवा. काजूच्या कारखान्यात मोबाईल नेऊ देत नाहीत, म्हणून त्या घरीच आवाज बंद करून, गाणं चालू ठेवून कामाला जायच्या.

मुलाला कळलं तेव्हा त्याचा चेहराच उतरला. “अगं आई, आधीच फुकट ऐकणाऱ्यांना यादीत वजन कमी, पैसे भरून ऐकणाऱ्यांना जास्त. त्यात असं आवाज बंद करून दिवसभर वाजवलेलं खोटं धरतात. गाणंच काढून टाकतील!”

मी तशीच दारोदार धावले. शेजारची जाऊबाई गाणं लावून भाकऱ्या थापत होती.

“बंद कर गो आधी!”

“कशाला? मी खरंच ऐकतेय. दुसरं कडवं तर पाठ झालंय माझं.”

खरी ऐकणारी तेवढी एकच निघाली, पण भीतीपोटी मी तिलाही बंद करायला लावलं. गाणं यादीत आहे की गेलं, हे मुलाला विचारायचा मला अजून धीर होत नाही.