वार आहे अजून

आमच्या फिल्म स्कूलच्या जिन्यात माजी विद्यार्थ्यांच्या फोटोंची भिंत आहे. बडोद्यात हरणीला एका सोसायटीतल्या दुमजली बंगल्यात ही शाळा चालते. वर्गात दहा-बारा मुलं, त्यापेक्षा जास्त खुर्च्याच नाहीत. त्यातल्या कितीतरी जणांनी नाव काढलं. भिंतीच्या मधोमध सगळ्यांत मोठा फोटो आहे तो शाळेला पहिलं बक्षीस मिळवून देणाऱ्या लघुपटातला. एक तरुण लाठी हाणतो आहे, दुसऱ्याचा चेहरा वळला आहे आणि भुवईखालून रक्त उडतं आहे. पाहुणे विचारतात, "काका, रक्त कसलं वापरलं?" मी हसून म्हणायचो, "ते आमचं गुपित."

रक्त खरं होतं. शाळेच्या स्मरणिकेसाठी शाळा चालवणाऱ्या सरांनी मला माजी विद्यार्थ्यांच्या यशावर लिहायला सांगितलं आहे. मग हेच लिहिलं पाहिजे.

रिफायनरीतून निवृत्त झाल्यावर मी इथे खोटी मारामारी शिकवायला लागलो. लहानपणी घडियाळी पोळ या जुन्या वस्तीजवळच्या आखाड्यात लाठी शिकलो होतो, तेवढंच भांडवल. माझा नियम साधा होता. लाठ्या दोन. खरी बांबूची फक्त कॅमेऱ्याला जवळून दाखवायला, रंगवलेली स्पंजची मारायला. आणि फटका माझ्या तोंडून "वार!" ऐकल्याशिवाय मारायचा नाही. "वार" म्हटलं की एक फटका चेहऱ्याकडे आणि लगेच उलटा दुसरा खांद्यावर. हे मी त्यांच्याकडून इतकं घोटून घेतलं होतं की त्यांचे हात डोक्याला विचारत नसत.

बऱ्याच वर्षांपूर्वी एका दुपारी बंद पडलेल्या गोडाऊनमध्ये त्या लघुपटाचं शूटिंग होतं. मारणारा मुलगा साताऱ्याकडचा, बडोद्यात येऊन तीनच महिने झालेला. दांडगा, पण बोलायला मऊ. मार खाणारा इथलाच गुजराती, तोंड कधी बंद नाही.

"काका, तमारो आ पहेलवान आजे मने पतावी देशे!" तो ओरडला, म्हणजे हा आज मला संपवणार. मग साताऱ्याच्या मुलाकडे वळून हिंदीत, "नाक बचाना भाई, इतवार को लड़की देखने जाना है."

"गप उभा राहा," सातारकर म्हणाला, "नाहीतर आधी नाकच फोडतो."

सगळे हसले. मीही हसलो.

स्पंजची लाठी माझ्या गाडीत राहिली होती. ती आणायला मी गेलो. गोडाऊनचं शटर उघडं होतं, गाडी दारातच. खरी लाठी सातारकराच्या हातात होती. दिग्दर्शिका कॅमेऱ्यामागे उभी होती. तालीम म्हणून तिने नुसतं चित्र घ्यायला सुरुवात केली होती, आवाज नाही. तिने विचारलं, "काका, तैयार?" मी डिकीत वाकलेलो. घरी बायकोला देतो तसं उत्तर दिलं, "वार आहे! वार आहे अजून!"

आम्ही बडोदेकर असंच बोलतो. गुजरातीतलं "वार छे" आमच्या घरात मराठी होऊन बसलं आहे. वार आहे, म्हणजे वेळ आहे, थांबा. साताऱ्याच्या मुलाला हे ठाऊक असायचं कारण नव्हतं. त्याने माझ्या आवाजात पहिला शब्द ऐकला.

फळीवर फळी आपटल्यासारखा आवाज झाला. मी वळेपर्यंत गालाचं हाड फुटलं होतं. तो खाली कोसळत असतानाच दुसरा फटका खांद्यावर बसला, मी शिकवला होता तस्साच. मग किंकाळी. जमिनीवर तो डोळ्यावर हात दाबून लोळत होता आणि बोटांमधून रक्त वाहत होतं.

मारणाऱ्याने लाठी टाकली. "काका, तुम्ही म्हणालात ना?"

मी म्हणालो, "मी? मी काही बोललोच नाही."

इथे हे सरळ लिहितो. मी खोटं बोललो. दिग्दर्शिकेला तेवढ्या गोंधळात काय ऐकलं ते सांगता येईना, तेव्हा मी सरांच्या खोलीत आणखी पुढे गेलो. म्हणालो, "रागात मारलं त्याने. नाक फोडतो म्हणाला होता, सगळ्यांनी ऐकलंय." गमतीचं बोलणं मी पुरावा म्हणून वापरलं. त्याला शाळेतून काढलं. सामान घेऊन तो निघाला तेव्हा मुलांनी त्याला जिन्यात गाठलं आणि लाथा-बुक्क्यांनी तुडवलं. मी वरच्या पायरीवर उभा होतो. "थांबा" म्हणायला एक शब्द पुरला असता. आज तो फोटो लावलाय तो हाच जिना.

दुसऱ्याचा डावा डोळा गेला. तो आज उत्तम संकलक आहे. शॉट ठेवायला त्यानेच सांगितलं, "आँख तो गई, शॉट तो रखो." दिग्दर्शिकेचं नाव झालं. लाठीमागच्या तरुणाचं नाव श्रेयनामावलीत नाही, फोटोखालीही नाही.

गेल्या महिन्यात कळलं की तो इथून जवळच, करजणला आहे. घरच्यांशी भांडून शिकायला आला होता, परत गेलाच नाही. आता बॅनर छापायचं दुकान चालवतो. मी तिथे जाऊन समोर बसून सगळं सांगितलं.

"म्हणजे तुम्ही म्हणाला होतात?"

"हो."

"मोठ्याने?"

"हो."

त्याने छपाईचं यंत्र बंद केलं. "मला वाटायचं, तो शब्द माझ्याच डोक्यात वाजला. माझ्यातच काहीतरी जनावर आहे. मुलगी म्हणते, पप्पा झोपाळा ढकला. मी ढकलत नाही हो, काका. हात जोरात लागेल म्हणून."

मग उठून त्याने माझ्या थोबाडीत मारली. माझी कवळी निसटली, तोंडात रक्ताची चव आली. त्याने पाण्याचा ग्लास आणून ठेवला आणि म्हणाला, "लिहून द्या. तोंडी तुम्ही फिरता."

एक डोळा गमावलेल्यालाही मी फोन केला. सगळं ऐकून त्याने फोन ठेवून दिला. त्याला तो हक्क आहे.

काल मजकूर घेऊन सरांकडे गेलो. त्यांनी वाचला, चष्मा काढला. "काका, शाळेचं नाव जाईल. अंकाला अजून वार आहे, नीट विचार करा."

मी म्हणालो, "नाही सर. आता वार नाही."

एक तर हे असंच छापा, नाहीतर माझं काहीच नको. आणि फोटोखाली त्या मुलाचं पूर्ण नाव लावा. पुढे लिहा की लाठी काकांच्या शब्दावर पडली.