उंदराचा पाठ

समोरच्या खिडकीतल्या वैदिक गुरुजींना कुणाचीच चूक सहन होत नाही. रामघाटाच्या आमच्या गल्लीत भाजीवाला आरोळी देताना एखादी भाजी विसरला, तरी ते वरून ओरडतात, "अरे, परवल रह गया!"

मी विद्यापीठात उंदराच्या एका जनुकावर काम करते. जनुक कधी चालू व्हायचं आणि कधी बंद, हे त्याच्या आधीचा प्रमोटर नावाचा तुकडा ठरवतो. मशीनने दिलेली त्या तुकड्याची अक्षरं मी आठवडाभर रोज खिडकीशी बसून मोठ्याने वाचत होते: ए, टी, जी, सी... काल प्रबंधात टाइप केलेली प्रत वाचायला घेतली. आज ती जमा करायची होती.

"रुक!" समोरून आवाज आला. माझ्या अक्षरांबरोबर, वेद म्हणताना करतात तसे, वरखाली स्वर दाखवणारा गुरुजींचा हात हवेतच थांबला होता. "इथे रोज चार जी असतात. आज तीनच?"

मी मशीनचा कागद काढून पाहिला. चारच होते.

"उंदीर नाही चुकला, पोरी. तू चुकलीस," म्हणत त्यांनी खिडकी लावून घेतली.

चूक सुधारून मी आज प्रबंध जमा केला. संध्याकाळी घरी आले, तर समोर गुरुजींचं ए, टी, जी, सी चालू होतं. एक अक्षरही हरवू नये म्हणून वेद पाठ करतात तसं, एकदा सुलट, एकदा उलट, पुन्हा सुलट.

"गुरुजी, काम झालं माझं. आता कशाला म्हणताय?"

"आणि तुझा कागद हरवला," ते काळजीने म्हणाले, "तर त्या बिचाऱ्या उंदरांनी काय करायचं?"