थोरल्या जाऊबाईंचा पाय

माझी थोरली जाऊ मासुयो. जपानात ताकामात्सूजवळ आमचं जाड शेवयांचं, म्हणजे उदोनचं दुकान आहे. तिथे कणीक पायांनी तुडवायचं काम तिचं. गिऱ्हाईक पहिला घास घेतानाच म्हणायचं, "आज मासुयोबाईंचा पाय दिसतोय!" माझ्या पायाचं नाव कधी कुणी काढलं नाही. मी जळायचे, अगदी आतून जळायचे.

मग तिला गर्भाशयाचा कॅन्सर झाला. ऑपरेशनने जीव वाचला, पण त्यानेच उजवा पाय सुजला तो कायमचाच. पट्ट्या आवळून बांधल्या तरी दुपारपर्यंत दुधीभोपळ्यासारखा व्हायचा, मध्येच लालबुंद होऊन ताप चढायचा. तुडवणं माझ्याकडे आलं. आणि गिऱ्हाइकं? माझ्या शेवया ओरपत मलाच विचारायची, "मासुयोबाई कशा आहेत?"

अपंगत्वाच्या पेन्शनसाठी तिने केलेला अर्ज नामंजूर झाला. डॉक्टरांनीच लिहून दिलं होतं, रोजच्या कामात विशेष अडचण नाही. देणारच! बाईसाहेब दवाखान्यात पावडर लावून, पायघोळ स्कर्ट घालून जायच्या. डॉक्टर त्सुकुदांनी "कसं काय?" विचारलं की कमरेत वाकून म्हणायच्या, "तुमच्या कृपेने ठीक आहे." आमच्याकडे सगळेच तसं म्हणतात, पण डॉक्टरांनाही?

पट्ट्यांचा आणि औषधांचा खर्च झेपेना, तेव्हा ती पुन्हा कणकेवर उभी राहायचं म्हणू लागली. म्हणून मी तिला पुन्हा अर्ज करायला लावला, आणि डॉक्टरांच्या नव्या दाखल्यासाठी या खेपेला मीच बरोबर गेले.

"कसं काय?" डॉक्टरांनी विचारलं.

"तुमच्या कृपेने ठी..."

"डोंबल ठीक!" मी ओरडलेच. "जाऊबाई, स्कर्ट वर घ्या आधी."

"किनुए, अगं लाज आण जरा!"

"लाजेने पोट भरतं का? डॉक्टर, यांना धड उभं राहवत नाही, म्हणून मी कणीक तुडवते. आणि माझ्या शेवयांचा लगदा होतो. यांच्यासारखं अख्ख्या गावात कुणाला जमत नाही, मला तर नाहीच नाही!"

बोलून गेले आणि कानशिलं तापली. जन्मात तिच्या तोंडावर हे म्हणणार नव्हते.

डॉक्टरांनी पाय दाबला. बोटाचा खळगा भरून येईना. "आजवर बोलला का नाहीत?"

"तुम्ही कामात असता ना," ती म्हणाली.

पेन्शन मंजूर झालं. गावभर एकच, "काय सोशिक बाई!" घसा मी फोडला, त्याचं कुणाला काही नाही.

दुसऱ्या दिवशी ती दुकानात आली. "आता सरकारनेच सांगितलंय, माझा पाय कामातून गेला," ती म्हणाली. "आजपासून तुडवायची जागा तुझी."

इतकी वर्षं मला हेच तर हवं होतं. मी कणकेवर चढले. ती स्टुलावर बसून बघत होती. तिला कळतही नव्हतं, पण तिचा चांगला पाय जमिनीवर आपोआप पडत होता, टाच, चवडा, टाच, चवडा. तो एकटा पायसुद्धा माझ्या दोन पायांपेक्षा बरोबर पडत होता.