इंदुताईंच्या गाठीचं गणित

आमच्या गावात कुणाची म्हैस कधी विणार, कुणाची सोयरीक मोडणार आणि तुरीवर अळी कधी येणार, हे इंदुताई आधीच सांगून टाकतात. चुकल्या तर पुढच्या वेळी दुप्पट आवाजात सांगतात. सगळ्या मारेगाव तालुक्यात एवढं ठाम बोलणारं माणूस सापडणार नाही. त्यांचे यजमान वामनराव तर बोलतच नाहीत.

दोन वर्षांपूर्वी, अठ्ठावन्नाव्या वर्षी, ताईंच्या छातीत गाठ निघाली. कॅन्सर. हे मात्र त्यांना आधी कळलं नव्हतं. नागपूरच्या डॉक्टरांनी सांगितलं, आधी सहा केमो, मग ऑपरेशन.

त्यांच्या यवतमाळच्या भावाची मुलगी सुमेधा त्याच दवाखान्यात संशोधन करते. गाठीतल्या पेशी, रक्तातल्या पेशी, लिव्हर आणि औषध यांचा एकमेकांवर काय परिणाम होतो, याचं गणित कॉम्प्युटरवर मांडायचं आणि या माणसाला हा उपचार कितपत लागू पडेल याचा अंदाज बांधायचा, हे तिचं काम. उपचार डॉक्टर ठरवतील तेच. गणित नुसतं बाजूला चालणार. त्यासाठी तिला दर आठवड्याला आत्याचं रक्त हवं होतं.

"म्हणजे मी बरी होईन का नाई, हे तुहा डब्बा मले सांगणार?" ताईंनी विचारलं.

"प्रयत्न करेल. आत्या, गाठ एकटी नसते. तिच्याभोवती..."

"थांब. कपाशीवर फवारा मारला का अळी मरते. पण पानाचा रस पिणारा मावा खाणारे किडेबी मरतात, मंग मावा माजते. हेच ना?"

एवढं समजायला सुमेधाला पुण्यात चार वर्षं लागली होती.

"हेच, आत्या."

"मंग याले कॉम्प्युटर कायले लागते व?"

"किडे मोजायला."

हे उत्तर ताईंना पटलं असावं. त्यांनी फॉर्मवर सही केली.

पहिले दोन केमो अंदाजाप्रमाणे गेले. तिसऱ्यानंतर दहाव्या दिवशी पांढऱ्या पेशी दोन हजारांवर येतील, असं गणित सांगत होतं. त्या आल्या सातशेवर. ताप चढला, ताईंना भरती करावं लागलं. सुमेधानं सगळे आकडे पुन्हा तपासले. औषध शरीरातून फार हळू बाहेर पडतंय असं धरलं, तरच हिशोब जुळत होता. पण काहून?

ताप उतरल्यावर ती खाटेजवळ जाऊन बसली. "आत्या, घरी आणखी काही घेतेस का?"

"मी काय घेऊन राह्यली? वरण-भात."

स्टुलावर बसलेल्या वामनरावांनी घसा साफ केला. "ते हिरवं पाणी सांग ना तिले."

ताईंनी नवऱ्याकडे असं पाहिलं, की त्यांचं या महिन्याचं बोलणं तिथंच संपलं. सात पाल्यांचा काढा, स्वतः शोधलेला, तिसऱ्या केमोच्या आधीपासून पंधरा दिवस दोन्ही वेळ. अर्ध्या गावाचे गुडघे त्याच काढ्यावर होते.

"तुह्या डब्ब्यानं माही चोरी पकडली."

"त्याचा अंदाज चुकला, आत्या. म्हणून तर कळलं."

"चुकला ना? मी म्हणतच होती!"

सुमेधाला हसू आवरेना. तशीच उठून ती डॉक्टरांकडे गेली आणि सगळं सांगितलं. काढ्यामुळेच झालं असं डॉक्टर छातीठोकपणे म्हणाले नाहीत. पण काढा बंद केला आणि पुढचा केमो आठवडाभर लांबवला. उरलेल्या तिन्ही वेळा पेशी अंदाजाच्या आसपासच राहिल्या.

ऑपरेशनच्या वेळी एक सेंटिमीटर गाठ उरलेली असेल, असं गणिताचं म्हणणं होतं. निघाली अर्धा सेंटिमीटरच. गणित पुन्हा चुकलं म्हणून सुमेधा खट्टू झाली. मग आपण कशावर खट्टू होतोय ते तिच्या ध्यानात आलं, आणि ती जिन्यात जाऊन रडली.

मागच्या महिन्यात ताई तपासणीला गेल्या, तेव्हा सुमेधानं त्यांना एक कागद दाखवला. अशा शंभर बायकांपैकी ऐंशी-ब्याऐंशी जणींना पाच वर्षांत दुखणं उलटणार नाही, असा अंदाज होता.

"आन् बाकीच्यांचं?"

"ते अजून आम्हाला नीट सांगता येत नाही, आत्या."

ताईंनी कागदाची घडी घालून पिशवीत ठेवली. मग त्यांनी दंड पुढे केला. "घे रक्त. लवकर शिका आता. मले दुपारची एस.टी. पकडायची हाय."