शेवंताचा चिमटा

दौलतभाऊंच्या वेल्डिंगच्या दुकानासमोर कपाशीची एक वाळकी पऱ्हाटी जमिनीत घट्ट ठोकून रोवलेली असायची. कुणी फाळ जोडायला येवो की नुसता चहा प्यायला, भाऊ त्याला आधी ती हातानं उपटायला लावत. तळहात सोलला की खूश! "आता समजलं? माही बायको दिवसभर हेच करते. तुले एकातच रडू आलं."

राळेगावात माझं बॅटरीचं दुकान त्यांना लागूनच. माणूस बढाईखोर, पण एका गोष्टीत त्यांनी बोलून दाखवलं ते करूनही दाखवलं. कित्येक हंगाम लोखंड जाळून त्यांनी चिमटा केला. लांब दांडा, खाली दातेरी जबडा. बुंध्याला लावून दांडा दाबला की वाकायला न लागता पऱ्हाटी मुळासकट वर. नाव ठेवलं शेवंता. बायकोचं.

"लोखंडाले माहं नाव कायले?" शेवंताबाई चिडल्या.

"सरकारी कागदावरबी हेच नाव लावतो, पाह्यजो तू!"

भाऊंकडे बैल नव्हते. पोळ्याला ते चिमट्यालाच झूल आणि घुंगरू बांधून तोरणाखाली बैलांच्या रांगेत उभे राहिले. गाव हसलं. पाहुणे म्हणून आलेले शेतीखात्याचे साहेब मात्र हसले नाहीत. त्यांनी चिमटा उलटासुलटा पाहिला, फोटो काढवले आणि म्हणाले, "दौलतराव, हे झाकून ठेवू नका, सगळ्यांना दाखवा. तुमच्या हक्काचं मी बघतो."

झालं! भाऊंनी भर पोळ्यात जबडा खोलून दाते कसे बसवले ते सांगितलं. पेपरात फोटो आला. पुढे पेटंटचा अर्ज करताना तेच कात्रण त्यांनी मोठ्या अभिमानानं पुरावा म्हणून जोडलं. उत्तर आलं : अर्जाआधीच जे जगजाहीर झालं, त्यावर हक्क मिळत नाही.

पुढच्या हंगामात एका कंपनीचा चिमटा अनुदानाच्या यादीत लागला. दाते तेच, दांडा तोच, नाव वेगळं. फीत कापायला तेच साहेब! मी तिथंच त्यांना गाठलं. "कायद्यापुढं मी काय करणार?" म्हणाले. कायद्यानं भाऊंना विचारलं, तू दाखवलंस कशाला. कंपनीला विचारलं नाही, तू पाहिलंस कुठं. आणि गावाचं काय सांगू? पोळ्यात टाळ्या वाजवणारे सगळे अनुदानाच्या रांगेत उभे होते.

भाऊ एवढंच बोलले, "लेकरू माहं, अन् बापाच्या जागी नाव दुसऱ्याचं." दुकानासमोरची पऱ्हाटी त्यांनी स्वतःच्या हातानं उपटून फेकली. पुन्हा रोवली नाही. बढाया बंद झाल्या, आणि मला त्या बढायांशिवाय करमेना.

गेल्या उन्हाळ्यात ते गेले. परवा गावाबाहेरच्या शेतात शेवंताबाई दिसल्या. मजुरीनं पऱ्हाट्या काढत होत्या, मालकानं अनुदानावर आणलेल्या कंपनीच्या चिमट्यानं. मला पाहून थांबल्या. जबड्यावरून अंगठा फिरवत म्हणाल्या, "भाऊ, नाव कोनाचंबी राहो. हे दाते त्यायचेच हायेत. माह्या हाताले समजते."

मग त्यांनी दांडा दाबला आणि पुढच्या पऱ्हाटीकडे वळल्या.